बेंजामिन सीटनची पेटी

१५ डिसेंबर १७९६ रोजी केंटमधल्या चॅटम गावचा कॅबिनेटमेकर जोसेफ सीटन याने लंडनमध्ये मोठी खरेदी केली. बॅनर स्ट्रीटवरच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएल अँड सन्स या दुकानातून त्याने रंधे, करवती, पटाश्या, गिरमिटं, कानशी असा सुतारकामाचा सगळा सरंजाम घेतला. हा सरंजाम त्याच्या मुलासाठी, बेंजामिनसाठी होता. तो ठेवायची पेटी मात्र मुलाने स्वतःच्या हाताने केली. १ जानेवारी १७९७ ला काम सुरू झालं आणि १५ एप्रिलला संपलं. साडेतीन महिने.

या तारखा माहीत आहेत, कारण पेटीबरोबर हत्यारांची लेखी यादीही टिकली. पेटी, यादी आणि हत्यारं आज केंटमधल्या रॉचेस्टर गावी गिल्डहॉल म्युझियममध्ये आहेत. बेंजामिनने ही हत्यारं फारशी वापरली नसावीत, कारण बहुतेकांची झीज नगण्य आहे. एरवी जुन्या पटाश्या घासून घासून अर्ध्या झालेल्या मिळतात आणि करवतींचे दात इतक्यांदा कानसलेले असतात की मूळचा आकार सांगता येत नाही. अठराव्या शतकात नवी करवत कशी दिसे, तिची मूठ हातात कशी बसे, हे सीटनच्या पेटीतल्या शेफील्डच्या केन्यन बनावटीच्या करवतींवरून समजतं. आजचे करवत घडवणारे कारागीर त्यांच्या प्रती बनवतात. टूल्स अँड ट्रेड्स हिस्टरी सोसायटीने १९९४ मध्ये या पेटीवर स्वतंत्र पुस्तक काढलं.

अभ्यासकांचं लक्ष बहुतेक हत्यारांवर असतं. मला जास्त मोलाची वाटते ती पेटी. बाहेरून ती पाइनच्या फळ्यांची, रंग फासलेली, साधी आहे. झाकण उचललं की आतल्या खणांवर महोगनीचं व्हिनिअर लावलेलं दिसतं. गिऱ्हाइकाच्या घरी जाणाऱ्या कपाटाचा थाट बाहेरच्या अंगाला असतो. इथे सगळी मेहनत आत आहे आणि ती रोज पाहणार तो फक्त पेटीचा धनी. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मालक कामाची जागा आणि बाकडं देई, हत्यारं मात्र मजुरीवरच्या कारागिराची स्वतःची असत. पेटी हे त्याचं भांडवल होतं. नव्या कारखान्यात तो पेटी घेऊनच जाई आणि तिथला मुकादम झाकण उघडल्यावर जे दिसे त्यावरून माणसाची परीक्षा करी. कारखान्याला आग लागली तर घर चालवण्याचं साधनच जळून जाई. म्हणूनच १८६० मध्ये स्थापन झालेल्या अमॅल्गमेटेड सोसायटी ऑफ कार्पेंटर्स अँड जॉइनर्स या संघटनेच्या सभासदाला हत्यारं गमावल्यास भरपाई मिळे.

पेटीचा इतिहास अर्थातच सीटनपेक्षा फार जुना आहे. १९३६ मध्ये स्वीडनच्या गॉटलंड बेटावर, पाणी उपसून लागवडीला आणलेल्या मेस्टरमिर दलदलीत, नांगराला एक पेटी लागली. ओकची, साधारण नव्वद सेंटिमीटर लांब, साखळीने वेढलेली. पेटीत आणि भोवती मिळून दोनशेच्या आसपास वस्तू निघाल्या. सुताराच्या आणि लोहाराच्या हत्यारांचं ते जवळजवळ हजार वर्षांपूर्वीचं, व्हायकिंग काळातलं भांडार होतं. तळ दोन्ही टोकांच्या फळ्यांमध्ये खाच-कुसूने जोडलेला होता. डव्हटेल (शेपटीच्या आकाराचा सांधा) नाही, सरकते खण नाहीत. हत्यारं एकावर एक टाकून न्यायची, इतकीच तिची रचना. लांब, अरुंद आणि बुटकी, म्हणजे गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला वाहून नेता येईल अशी.

सीटनची पेटी या प्रवासी पेटीपेक्षा वेगळी आहे. ती कारखान्याच्या कोपऱ्यात मुक्काम करणारी आहे. अशा पेटीचा आराखडा आतून बाहेर होतो. पहिल्यांदा सगळ्यात लांब हत्यारं जमिनीवर मांडायची. हातकरवतीचं पातं साधारण २६ इंच असतं, मुठीसह ते ३० इंचांवर जातं. फळ्यांच्या कडा सरळ करायचा लांब रंधाही २८ ते ३० इंचांचा असतो. म्हणजे आतली लांबी ३५-३६ इंचांहून कमी नको. रुंदी आणि उंची माणसाच्या हातावर ठरतात. उभ्याने वाकल्यावर तळातला रंधा हाताला लागला पाहिजे. म्हणून इंग्लिश पेट्या बाहेरून साधारण ३८ ते ४० इंच लांब, २४ इंच रुंद आणि २४ इंच उंच अशा मापाभोवतीच फिरतात. हे माप मुळात करवत आणि दंड यांच्या तडजोडीतून आलं.

सरकत्या खणांची युक्ती फारच देखणी आहे. पेटीच्या दोन्ही कुशींना आतून कठीण लाकडाच्या पट्ट्या पायऱ्यांसारख्या लावतात. त्यांवर तीन उथळ खण मागेपुढे सरकतात. प्रत्येक खण पेटीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त. सगळे मागे ढकलले की पुढचा अर्ध्याहून अधिक तळ मोकळा होतो, पुढे ओढले की मागचा. एकही खण उचलून बाहेर ठेवावा लागत नाही. तळात जड रंधे, मागच्या भिंतीशी नक्षीपट्ट्यांचे रंधे उभे, पुढे करवतींच्या खाचा, वरच्या खणात पटाश्या, गुण्या, आखायची हत्यारं. दिवसातून पन्नासदा लागणारं वरती, महिन्यातून एकदा लागणारं खाली.

यानंतर येतो लाकडाचा प्रश्न. पेटी करणाऱ्याने त्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवावा असं मी म्हणेन. लाकूड आर्द्रतेने फुगतं आणि उन्हाने आखडतं, पण सगळीकडे सारखं नाही. रेषेच्या दिशेने, म्हणजे फळीच्या लांबीत, त्याचा फरक नगण्य असतो. रुंदीत तो मोठा असतो. ओल्या लाकडापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवानाची साधी चिरलेली फळी रुंदीत ५.८ टक्क्यांच्या आसपास आखडते, तर गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने चिरलेली फळी साधारण २.५ टक्के. अमेरिकेच्या पांढऱ्या पाइनचे आकडे याच्या जवळपासच आहेत. हवेच्या फरकाने लाकडातला ओलावा सहा टक्क्यांनी बदलला, तर २४ इंच उंचीची साधी चिरलेली सागाची बाजू सुमारे सात मिलिमीटरने वर-खाली होते. दोन सुतांहून जास्त. गाभ्याच्या दिशेने चिरलेल्या फळीला हाच फरक तीन मिलिमीटर पडतो. पावसाळ्यात अडकणारं टेबलाचं ड्रॉवर हेच गणित सांगत असतं.

म्हणून चारही बाजूंच्या फळ्यांच्या रेषा आडव्या, पेटीभोवती फिरणाऱ्या ठेवतात. उंची वाढली तर चारही बाजू एकाच वेळी वाढतात, सांध्यावर ताण येत नाही. कोपऱ्यांना डव्हटेल. त्यातही एक बारकावा आहे. कड्या दोन टोकांच्या फळ्यांवर असतात, पेटी उचलताना ओढ त्यांवरच येते. म्हणून शेपट्या पुढच्या-मागच्या लांब फळ्यांच्या टोकांना कापायच्या, म्हणजे टोकाची फळी बाहेर ओढली जात असताना शेपटीचा रुंद भाग तिला धरून ठेवतो. तळाशी पेटीभोवती जी आडवी पट्टी लावतात, तिचे डव्हटेल मात्र उलट दिशेने कापायचे. आतला सांधा एका दिशेने धरतो, बाहेरचा दुसऱ्या. गोंद शंभर वर्षांनी सुटला तरी दोन्ही एकमेकांना सोडत नाहीत.

तळ मात्र गोंदाने चिकटवायचा नाही. फळ्या पुढून मागे, म्हणजे लहान अंतरावर घालायच्या, एकमेकींत जीभ-खाचेने बसवायच्या, मध्ये थोडी फट ठेवायची आणि नुसत्या खिळ्यांनी ठोकायच्या. खिळा किंचित वाकतो, फळीला हलायला जागा देतो. खाली दोन जाड पट्ट्या ठोकल्या की तळ जमिनीपासून वर राहतो. ओल चढलीच तर आधी त्या पट्ट्या कुजतात, त्या काढून नव्या ठोकता येतात. झाकणाला चौकट आणि चौकटीत मोकळी बसवलेली फळी. झाकणाच्या तीन कडांना खाली उतरणारी पट्टी आणि पेटीच्या वरच्या कडेभोवती तिला टेकायला दुसरी पट्टी, म्हणजे भुसा आणि धूळ आत जात नाही.

सुंदर पेटी म्हटली की जगभरचे लोक हेन्री स्टडलीचं नाव घेतात. हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा ऑर्गन आणि पियानो बनवणारा कारागीर, १८३८ ते १९२५. बंद केल्यावर सुमारे ३९ इंच बाय २० इंच आणि जेमतेम साडेनऊ इंच जाडीच्या, भिंतीवर टांगायच्या पेटीत त्याने अडीचशेहून अधिक हत्यारं बसवली. महोगनी, शिसव, एबनी, शिंपला. प्रत्येक हत्याराला कोरलेली जागा, आणि एक फळा उघडला की त्यामागे दुसरा थर. त्या कौशल्याला तोड नाही. तरी मला वाटतं, ती एका माणसाच्या एका आयुष्याची पेटी आहे. तिथे नवी पटाशी आली तर जुनी बाहेर गेली पाहिजे. सीटनच्या खणात मोकळी जागा आहे, चाळीस वर्षांच्या कामात हत्यारं येतील-जातील हे धरून ती आखलेली आहे. घरी पेटी करणाऱ्याने हाच कित्ता गिरवावा. उत्साहात प्रत्येक पटाशीला वेगळी खाच कोरू नये, एका लांब पट्टीत भोकं ठेवावीत.

महाराष्ट्रात अशी पेटी करायची तर दोन गोष्टी बदलाव्या लागतात. पहिली, बैठक. इंग्लिश कारागीर उंच बाकड्याशी उभ्याने काम करी. आपला गावचा सुतार जमिनीवर बसून, पायाच्या पकडीत लाकूड धरून वाकस आणि रंधा चालवत आला. बसून काम करणाऱ्याला २४ इंच उंचीच्या पेटीच्या तळाशी हात घालणं त्रासाचं आहे. त्याच्यासाठी १४-१५ इंच उंच, दोनच खणांची, लांबट पेटी बरी. त्यात लांब करवत झाकणाच्या आतल्या अंगाला लावावी. लाकूड सागवानच हवं असं नाही. मालाच्या खोक्यांतल्या पाइनच्या फळ्या गाठी टाळून निवडल्या तर हलकी आणि चांगली पेटी होते. प्लायवूड फारसं फुगत-आखडत नसल्याने वरचं सगळं गणित सोपं होतं. तसं करण्यात कमीपणा नाही, पण कोपऱ्यांना डव्हटेल कापायचा सराव मग राहून जातो, आणि बेंजामिनने साडेतीन महिने त्याच्या साध्या दिसणाऱ्या पेटीवर घालवले ते बहुतेक त्याच सरावासाठी.

दुसरी गोष्ट गंज. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागतं आणि कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर ती त्याहून कितीतरी वर असते. लाकडी पेटीचा इथे खरा उपयोग आहे. जाड फळ्या आर्द्रता शोषतात आणि सावकाश सोडतात, त्यामुळे आतली हवा बाहेरच्या इतक्या भरभर बदलत नाही. आत ओक वापरू नये. त्यातून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटत राहते आणि ती पोलादाला बाधते. धूळही ओल धरते, म्हणून झाकणाच्या कडेच्या त्या पट्ट्या शोभेसाठी नसतात. खंडेनवमीला हत्यारं पुसून, तेल लावून, कुंकू वाहून पूजतात. पेटीत ठेवण्याआधी मात्र पात्यावरचं पाणी आणि कुंकू पुसून तेलाचा पुन्हा एक हात फिरवावा. कापराची एक-दोन पुडकी कापडात बांधून वरच्या खणात टाकावीत. इंग्लिश कारागीरही पेटीत कापूर ठेवत. तो उडून जातो, तेव्हा पावसाळा लागताना पुडकी बदलावीत, आणि पेटी भिंतीपासून चार बोटं दूर ठेवावी.