भांगेचे पान आणि राज्यांचे कायदे

भांगेच्या झाडापासून प्रामुख्याने तीन मादक पदार्थ मिळतात. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, त्यांवरील चिकट राळ म्हणजे चरस, आणि पाने वाटून होते ती भांग. तिन्हींची मादकता मुख्यतः टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल या द्रव्यामुळे येते. हे द्रव्य सूक्ष्म ग्रंथींत साठते. फुलोऱ्यावर या ग्रंथी दाट, पानांवर विरळ असतात. पान आणि फूल यांतील भेद प्रमाणाचा आहे, जातीचा नव्हे.

कायद्याने मात्र नेमकी येथेच रेघ ओढली आहे. गुंगीकारक औषधी द्रव्यांसंबंधीच्या 1985 च्या केंद्रीय अधिनियमात चरस व गांजा येतात. शेंड्यांवाचूनची पाने व बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातही हाच अपवाद आढळतो. अशा रीतीने सुटे पान राज्यांच्या वाट्यास आले, आणि प्रत्येक राज्याने त्याची व्यवस्था आपापल्या परीने लावली.

उत्तर प्रदेश व राजस्थान येथे परवान्याच्या दुकानांतून भांग उघडपणे विकली जाते. आसामात 1958 पासून गांजा व भांग यांच्या बंदीचा स्वतंत्र कायदा झाला. सर्वांत बोलके उदाहरण जुन्या मुंबई राज्याचे होय. तेथील 1949 च्या दारूबंदी कायद्याने (नाव दारूचे, पण आवाका मोठा!) भांगेच्या पानासही मादक द्रव्य ठरविले. 1960 मध्ये राज्याचे विभाजन झाले, तरी कायदा दोन्हीकडे राहिला. पुढे 2017 मध्ये गुजरातने भांगेस त्यातून सूट दिली; महाराष्ट्रात विनापरवाना भांग बाळगणे हा अपराधच राहिला. वाराणसीत दुकानातून घेतलेली पुडी मुंबईस उतरताच गुन्ह्याचा विषय होते, ती अशी.

उत्तराखंडाने निराळे माप घेतले. तेथे 2018 मध्ये धाग्यासाठी लागवडीचे परवाने सुरू झाले. अट अशी की, पिकात उपरोक्त द्रव्य 0.3 टक्क्यांहून अधिक नसावे. येथे झाडाचा भाग नव्हे, द्रव्याचे प्रमाण निर्णायक ठरते.

व्याख्येचा हा प्रश्न केवळ शाब्दिक नाही. जप्त केलेल्या चुऱ्यात मादक द्रव्य आहे, एवढे रासायनिक चाचणी सांगते. ते पानातून आले की शेंड्यातून, हे केवळ त्यावरून ठरत नाही. आणि तो माल 20 किलोहून अधिक असून गांजा ठरला, तर बाळगणाऱ्यास किमान 10 वर्षांची सक्तमजुरी आहे.