ओस स्टेशने आणि आपल्या शाळा

हळ्ळीखेड (बी) या नावातच तीन भाषा नांदतात. कानडीत हळ्ळी म्हणजे गाव, मराठीत खेडे म्हणजेही गाव आणि कंसातला ‘बी’ म्हणजे बुजुर्ग, आपला बुद्रुक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले. हुमनाबाद, भालकी, औराद म्हैसूर राज्यात आले. इकडच्या मराठी शाळा पुढे टिकतील का, ही काळजी आम्हाला लागली आहे. अशा वेळी लातूरची छोटी गाडी आठवते.

बार्शी लाइट रेल्वेची ही अडीच फुटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली. वाटेवरच्या खेड्यांचा बाजार, पाहुणेरावळे, पंढरीची वारी तिच्यावर चाले. पुढे रूळ रुंद झाले, २००८ पर्यंत मोठी गाडी उस्मानाबाद (आता धाराशिव) मार्गे वळली. जुन्या वाटेचा काही भाग सुटला. लातुरात आज ‘जुनी रेल्वे लाईन’ हा नुसता पत्ता उरला आहे.

लातूरला निदान मोठी गाडी मिळाली. आपली शाळा गेली तर बदल्यात काय मिळणार? तिकिटे खपली नाहीत की रेल्वे थांबा काढून घेते. शाळेचेही तसेच आहे. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले, की शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असतील तर त्यांच्या मातृभाषेचा शिक्षक द्यावा. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे घटनेचे कलम ३५०-अ सांगते. पण मुलेच नसतील तर कलम काय करणार?

दोष केवळ सरकारचा नाही. समितीच्या व्यासपीठावरून मराठीचा जयघोष करणाऱ्या आम्हा मंडळींच्या घरची मुलेही सकाळी इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतात. हे आधी कबूल केले पाहिजे. कानडीशी आमचे भांडण नाही. ती शेजारधर्माची आणि पोटापाण्याची भाषा आहे. मुलांनी ती उत्तम शिकावी. मात्र पहिली अक्षरे घरच्या भाषेत गिरवावीत.

म्हणून जून उजाडण्याआधी गल्लीगल्लीतली मुले मोजू या. दहा भरली की पालकांच्या सह्यांचा अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी. जनगणनेत मातृभाषेपुढे मराठी लिहावे. आणि पहिले नाव आपल्या घरातले घालावे.