चूक साच्याची, माणसाची नव्हे

अनसिंगसारख्या बाजारपेठेच्या गावातील जाणता दुकानदार मालाची मांडणी एकदाच करून थांबत नाही. गिऱ्हाईक आत आल्यावर प्रथम कोठे पाहते, काय शोधताना अडखळते, हे तो मुकाट्याने न्याहाळतो आणि त्याप्रमाणे फळीवरचा माल हलवतो. संगणकाच्या क्षेत्रात याच निरीक्षणास ‘वापरसुलभता चाचणी’ म्हणतात.

आज दुकानाची मालसूची, मंडळाचा वार्षिक हिशेब, पाठशाळेची प्रश्नमंजूषा ही सारी बटणे दाबून पुढेमागे जाता येणाऱ्या सादरीकरणाच्या रूपात पडद्यावर येतात. त्यांचे साचे बहुधा घरातील तरुण मंडळी निवडतात. आजोबांना त्यात हवे ते पान सापडले नाही, की ‘त्यांना जमत नाही’ असा निकाल दिला जातो. आयुष्यभर रोजमेळ आणि खतावणी चोख ठेवणारा माणूस मग बैठकीत गप्प बसतो आणि हिशेबावरची एक अनुभवी नजर घराला अंतरते. वस्तुतः चुकलेला असतो तो साचा.

मुंबईच्या आयआयटीतून २०१३ साली आलेला ‘स्वरचक्र’ हा मोबाइलचा कळफलक या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यातील व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. व्यंजनावर बोट ठेवताच भोवती त्याची बाराखडी उमटते. माणसास आधीच ठाऊक असलेल्या क्रमावर यंत्र बसवावे, हा त्यातील धडा.

चाचणीस फारसा खर्च येत नाही. या विषयाचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांच्या मते पाच जणांच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. आजी, सून, मुनीम, शाळकरी मूल आणि एखादा पाहुणा यांना एकेक करून बसवावे. ‘गेल्या दिवाळीची येणे बाकी शोधून दाखवा’, एवढेच सांगावे. मदत करू नये, हसू नये. बोट कोठे थांबले, तेवढे टिपावे.

मग साचा बदलावा. नुसत्या बाणांऐवजी ‘पुढे’, ‘मागे’, ‘अनुक्रमणिका’ हे शब्द प्रत्येक पानावर एकाच जागी असावेत. उकार व वेलांट्या एकमेकांत अडकू नयेत इतके अंतर दोन ओळींत ठेवावे. अक्षरे युनिकोडमधील असावीत. जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर विस्कटतो.

सुधारलेला साचा नव्या पाच जणांपुढे ठेवावा. आजोबा कोणासही न विचारता हवे ते पान उघडतील, तेव्हा तो तयार झाला असे समजावे.