स्काउटिंग (अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल)

अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये पुढील प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाचा सामन्यापूर्वी केलेला अभ्यास म्हणजे स्काउटिंग होय. सामने बहुधा शनिवारी होत असल्याने त्यासाठी जेमतेम आठवडा मिळतो. प्रशिक्षक जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहून, कितव्या डाउनला व किती यार्ड बाकी असताना प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन धावतो किंवा पास फेकतो, याची नोंद करतात. सरावात राखीव खेळाडूंचा ‘स्काउट संघ’ त्याच चाली खेळून दाखवतो.

परक्या मैदानावर गोंगाटही हिशेबात धरावा लागतो. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची आसनक्षमता १,०७,६०१ आहे. अशा ठिकाणी क्वार्टरबॅकची हाक शेजारच्या खेळाडूलाही ऐकू येईलच असे नाही. म्हणून पाहुणे संघ ध्वनिवर्धकांवर कृत्रिम गोंगाट लावून, केवळ खुणेवर चाल सुरू करण्याचा सराव करतात.

भावी प्रतिस्पर्ध्याच्या सामन्याला प्रत्यक्ष जाऊन टेहळणी करण्यास एनसीएएने १९९४ पासून बंदी घातली आहे. खर्चाला आळा घालणे हा तिचा एक हेतू होता. मात्र सामना चालू असताना विरोधी प्रशिक्षकांच्या खुणा ओळखणे निषिद्ध नाही, आणि वाद नेमका या सीमारेषेवर उद्भवतो. २०२३ मध्ये मिशिगनवर नियमबाह्य टेहळणीचा आरोप झाला. बिग टेन परिषदेने प्रशिक्षक जिम हारबॉ यांना नियमित हंगामातील अखेरच्या तीन सामन्यांच्या दिवशी मैदानावर येण्यास मनाई केली. त्यांपैकी दोन सामने परक्या मैदानांवर होते. मिशिगनने तिन्ही जिंकले व पुढे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. २०२४ पासून सर्वोच्च एफबीएस विभागात मैदानावरील एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओला परवानगी मिळाल्याने खुणांवरील अवलंबित्व कमी झाले आहे.