रांगेतला नंबर

टेक्स श्रॅम यांना संगणकाची करामत पहिल्यांदा दिसली ती बर्फाळ डोंगरात. १९६० चं हिवाळी ऑलिंपिक कॅलिफोर्नियातल्या स्क्वॉ व्हॅलीत भरलं होतं. श्रॅम तिथे सीबीएस वाहिनीच्या क्रीडा विभागातर्फे गेले होते आणि स्पर्धांचे निकाल आयबीएमची यंत्रं हां हां म्हणता लावून देत होती. त्याच वर्षी डॅलस काउबॉइज हा अमेरिकन फुटबॉलचा नवा संघ मैदानात उतरला आणि त्याचा कारभार श्रॅम यांच्या हाती आला. पहिल्या हंगामात बारा सामने झाले, त्यांतले अकरा हा संघ हरला आणि एक कसाबसा बरोबरीत सुटला. चांगले खेळाडू शोधून काढण्याची काहीतरी वेगळी तऱ्हा हवी होती. श्रॅम आयबीएमच्या एका उपकंपनीकडे गेले आणि तिथे त्यांची गाठ पडली सलाम कुरेशी या संख्याशास्त्रज्ञाशी. कुरेशी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेले. क्रिकेट जाणणारे, पण लंबगोल चेंडूच्या त्या आडदांड खेळाशी कधी संबंध न आलेले. फुटबॉल न कळणारा गणिती आणि संगणक न कळणारे प्रशिक्षक, अशी ती जोडी जमली.

त्यांच्यापुढचं कोडं आजही सुटलेलं नाही. अमेरिकेच्या विद्यापीठांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या हजारो फुटबॉलपटूंपैकी व्यावसायिक खेळात कोण टिकेल, आणि त्यातही पहिला कोण, चाळिसावा कोण, दोनशेवा कोण?

आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. तिथे ज्याच्या थैलीत जोर, त्याची बोली मोठी. एनएफएल या अमेरिकन व्यावसायिक फुटबॉल लीगचा ड्राफ्ट उलट चालतो. तिथे बोली नाही, पाळी आहे. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला तो सर्वांत आधी निवडतो, विजेता सर्वांत शेवटी. ३२ संघ, सात फेऱ्या, जवळपास २६० नावं. शाळा संपून तीन वर्षं झालेली असल्याखेरीज खेळाडूला यात येता येत नाही, त्यामुळे व्यावसायिक संघांची नर्सरी म्हणजे विद्यापीठं. प्रत्येक संघ ड्राफ्टआधी आपली एक यादी करतो. पूर्वी ती भिंतीवरच्या फळ्यावर लागे, म्हणून आजही तिला ‘बिग बोर्ड’च म्हणतात. यादीतली गोम अशी, की या खेळात माणसं एकमेकांसारखी नसतातच. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक वेगळा, त्याच्यापुढे भिंत होऊन उभा राहणारा दीडशे किलोंचा लाइनमन वेगळा, वाऱ्यासारखा पळणारा रिसीव्हर वेगळा. सलामीचा फलंदाज, ऑफस्पिनर आणि यष्टिरक्षक यांना एकाच रांगेत उभं करून नंबर द्यायचे, तशातला हा प्रकार.

पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. कल्पना बर्ट बेल यांची. ते फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक, संघ तळाशी. श्रीमंत संघ चांगली मुलं आधीच उचलून नेतात, हे त्यांचं दुखणं. नऊ संघांनी ८१ नावं निवडली. त्या काळी खेळाडू पाहत फिरणारं खातं कुणाकडेच नव्हतं. वर्तमानपत्रातली कात्रणं आणि कानावर आलेल्या गोष्टी एवढ्यावर काम चाले. पहिल्या क्रमांकावर शिकागो विद्यापीठाचा जे बर्वेंगर आला, पण त्याने एनएफएलचा एकही सामना खेळला नाही. पैशांचं जुळलं नाही, आणि तो फोम रबर विकायच्या धंद्यात गेला. या प्रथेच्या यादीतलं पहिलंच नाव वाया गेलं, याला शुभशकुन म्हणायचं की अपशकुन, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पुढच्या दशकात लॉस एंजेलिस रॅम्सने पगारी ‘स्काउट’ नेमले आणि गावोगावची विद्यापीठं पालथी घालणारी एक जमात तयार झाली. १९६३ मध्ये काही संघांनी खर्च वाटून घेत सामायिक टेहळणी सुरू केली. त्यातून उभी राहिलेली ब्लेस्टो ही संस्था आजही चालू आहे. स्काउटचा अहवाल म्हणजे एक खासा वाङ्मयप्रकार. ‘पाय जड आहेत’, ‘इंजिन थांबत नाही’, ‘कंबर ताठ आहे’. वाचणाऱ्याला चित्र दिसतं, पण एकाचं ‘बरा’ आणि दुसऱ्याचं ‘उत्तम’ यांची तुलना कशी करणार?

कुरेशींनी नेमकं इथेच बोट ठेवलं. प्रशिक्षकांनी सांगितलेल्या गुणांची यादी सुरुवातीला तीनशेच्या घरात गेली होती. ती गाळत गाळत पाचांवर आली: चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, ईर्ष्या, बुद्धीची तल्लखी, आणि ताकद व तिचा उसळता झोत. उंची, वजन, वेग हे फूटपट्टी आणि घड्याळ सांगतच होतं. या पाच गोष्टींना आकडा नव्हता. मग प्रत्येक गुणासाठी ठरावीक वाक्यं बांधली आणि ती या मुलाला किती लागू पडतात, याचे गुण स्काउटने द्यायचे असं ठरलं. मला यात सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: खेळाडू मोजायला बसलेल्या माणसाला आधी बघणाऱ्यांची भाषा एकसारखी करावी लागली. कोणता स्काउट हात सैल सोडून गुण देतो आणि कोणता कंजूष, हे कळल्याशिवाय कागदावरच्या आकड्यांना अर्थ नव्हता.

या संगणकाभोवती पुढे बरीच दंतकथा जमली. १९६६ पासून सलग वीस हंगाम डॅलसच्या पराजयांपेक्षा विजय जास्त राहिले, आणि श्रेय यंत्राला गेलं. पण डॅलसची सर्वांत गाजलेली निवड १९६४ च्या ड्राफ्टमधली, म्हणजे यंत्र अजून बाळसं धरत होतं तेव्हाची. सातव्या फेरीत त्यांनी बॉब हेजला घेतलं, जो त्याच वर्षी टोकिओ ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण जिंकला. दहाव्या फेरीत घेतलं रॉजर स्टॉबाकला, ज्याला नौदलाची नोकरी पुरी करायची होती आणि जो १९६९ पर्यंत येणारच नव्हता. दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळाच्या मानकऱ्यांच्या दालनात, गेले. ही हुशारी होती स्काउटिंगप्रमुख गिल ब्रँट यांची. इतर संघ थांबायला तयार नव्हते, ब्रँट तयार होते. कुरेशींनी पुढे स्वतःच्या संगणक कंपन्या काढल्या. अमेरिकन क्रीडाविश्लेषणाच्या पायात एका अलीगढच्या विद्यार्थ्याची वीट आहे, हे भारतात फारसं कुणाला ठाऊक नाही.

गणिताने न सुटणारा एक प्रश्न मात्र आधीचा होता: यादीत नाव येतंच कुणाचं? अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांना मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे बंद होते. ती मुलं ग्रॅम्बलिंग, सदर्न, अलाबामा ए अँड एम अशा कृष्णवर्णीयांसाठीच्या संस्थांत शिकत आणि खेळत. तिकडे फिरकणारे स्काउट थोडे. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीय वाचकांच्या वृत्तपत्राचे क्रीडा संपादक बिल नन मात्र वर्षानुवर्षं या संस्थांमधल्या सर्वोत्तम खेळाडूंचा संघ आपल्या पानावर जाहीर करत. त्यांच्याच शहरातल्या स्टीलर्स संघाने त्यांना कधी साधं विचारलंही नव्हतं, आणि नन यांना ते लागलं होतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मालकांच्या मुलाने, डॅन रूनी यांनी, त्यांना बोलावून घेतलं.

मग आला १९७४ चा ड्राफ्ट. अलाबामा ए अँड एमचा रिसीव्हर जॉन स्टॉलवर्थ ओल्या मैदानावर धावला आणि घड्याळात मंद दिसला. बाकीचे स्काउट वेळ टिपून निघून गेले. नन यांनी आजारी असल्याचं निमित्त केलं, मागे राहिले, आणि जमीन सुकल्यावर मुलाला पुन्हा पळवलं. त्याच्या सामन्यांची फिल्मही म्हणे त्यांनी पिट्सबर्गलाच ठेवून घेतली. इतरांच्या हाती ती वेळेत लागलीच नाही. या कथेला सांगता सांगता थोडा मुलामा चढला असेल, पण निकाल पक्का आहे. स्टॉलवर्थ चौथ्या फेरीपर्यंत शिल्लक राहिला. त्या एका ड्राफ्टमध्ये स्टीलर्सने लिन स्वॉन, जॅक लँबर्ट, स्टॉलवर्थ आणि माइक वेबस्टर असे हॉल ऑफ फेममध्ये पोचलेले चौघे निवडले. इतर कुठल्याही संघाला एका वर्षात हे साधलेलं नाही. शिवाय कुणीच न निवडलेल्या डॉनी शेलला त्यांनी ड्राफ्टनंतर करारबद्ध केलं, तोही तिथेच पोचला. स्वतः नन यांना हा मान मिळाला २०२१ मध्ये, मृत्यूनंतर सात वर्षांनी.

ओल्या मैदानाचा प्रश्न आता उरलेला नाही. १९८७ पासून इंडियानापोलिसमध्ये छताखाली ‘कंबाइन’ भरतो. तीनशेच्या आसपास मुलं बोलावली जातात. मुळात हेतू वैद्यकीय तपासणीचा होता. एकाच गुडघ्यासाठी प्रत्येक संघाने वेगळा डॉक्टर का धाडावा? आता तो टीव्हीवरचा तमाशा झाला आहे. चाळीस यार्डांची, म्हणजे साडेछत्तीस मीटरची धाव, १०२ किलोची दांडी किती वेळा उचलली याची मोजणी, उंच उडी, लांब उडी. धावेचा विक्रम झेव्हियर वर्दीचा, ४.२१ सेकंद, २०२४ मधला. पंजाही मोजतात. २०२० मध्ये जो बरोचा पंजा नऊ इंच भरला, क्वार्टरबॅकसाठी जरा लहान, तेव्हा त्याने आता निवृत्तीचा विचार करावा लागेल अशी चेष्टा केली. दोन महिन्यांनी तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला.

जे मोजता येतं त्याचा अभ्यास करून मोजमाप फुगवताही येतं. १९९५ मध्ये बॉस्टन कॉलेजच्या माइक मामुलाने कंबाइनच्या कसरतींचीच कसून तयारी केली आणि आकड्यांनी सगळ्यांचे डोळे दिपवले. ईगल्सनी दुसऱ्या संघाशी पाळीचा सौदा केला आणि वर सरकून त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. तो वाईट नव्हता, बेताचा होता. बाराव्या क्रमांकावर गेलेला वॉरन सॅप हॉल ऑफ फेममध्ये आहे. आणि सन २००० मध्ये ज्याची धाव जेमतेम ५.२८ सेकंदांत संपली, तो टॉम ब्रेडी १९९ वा निवडला गेला आणि सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकला. ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिच्यावर अधिक थांबण्यात अर्थ नाही.

संघांच्या बंद खोलीतला हा उद्योग बाहेर आणणारे दोघं अगदी वेगळ्या पिंडाचे. जोएल बुक्सबाउम ब्रुकलिनमधल्या लहानशा घरात टेपांच्या ढिगात राहत आणि ‘प्रो फुटबॉल वीकली’त खेळाडूंविषयी लिहीत. २००२ मध्ये अवघ्या ४८ व्या वर्षी गेले, पण बिल बेलिचिक यांच्यासारखा प्रशिक्षक त्यांच्या मताला मान देई. दुसरे मेल कायपर. ड्राफ्ट १९८० पासून ईएसपीएनवर दिसू लागला आणि १९८४ पासून त्या पडद्यावर कायपर यांची क्रमवारी. १९९४ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सनी क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर सोडून ट्रेव्ह अल्बर्ट्सला घेतलं. कायपर यांनी तिथल्या तिथे झोडपलं, आणि कोल्ट्सचे बिल टोबिन कॅमेऱ्यासमोरच भडकले: हा कायपर कोण लागून गेला? अल्बर्ट्स दुखापतींनी तीन हंगामांत संपला. डिल्फरने पुढे एक सुपर बोल जिंकला, पण भलत्याच संघाकडून आणि मुख्यतः बचावफळीच्या खांद्यावर बसून. भांडण कोण जिंकलं हे मला तरी सांगता येणार नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न थंड डोक्याने विचारला. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (२०१७ चे नोबेल विजेते) यांनी वर्षानुवर्षांच्या निवडी तपासल्या. एकाच जागेवर खेळणाऱ्या, पाठोपाठ निवडलेल्या दोघांत आधीचा सरस ठरण्याची शक्यता निघाली सुमारे ५२ टक्के, नाणेफेकीच्या जरा वर. तरीही वरच्या क्रमांकासाठी संघ बेसुमार किंमत मोजतात. ती किंमत ठरवणारा तक्ता १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसच्याच माइक मॅकॉय यांनी केला होता: पहिला क्रमांक ३००० गुणांचा, दुसरा २६००, पुढे झपाट्याने खाली. मॅसी-थेलर म्हणतात, खरा फायदा दुसऱ्या फेरीच्या आसपास असतो, कारण तिथले खेळाडू बरेच चांगले आणि पगाराने बरेच स्वस्त. तेव्हा वरची जागा विकावी आणि खालच्या दोन-तीन घ्याव्यात. माणूस तसं करत नाही, कारण आपली नजर इतरांपेक्षा तीक्ष्ण आहे असं प्रत्येक स्काउटिंगप्रमुखाला मनातून वाटतं.

थेलर यांनी आपल्या पुस्तकात लिहिलं आहे की वॉशिंग्टनच्या संघाने हा सल्ला समजून घ्यायला त्यांना बोलावलं, आणि पुढच्याच ड्राफ्टमध्ये बरोबर उलटं केलं. मालकांना आत्ता जिंकायचं होतं. २०१२ मध्ये तर कळस झाला. क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनसाठी सहाव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर चढताना वॉशिंग्टनने सेंट लुइस रॅम्सला त्या वर्षीच्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीची, शिवाय पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीची निवड देऊन टाकली. ग्रिफिनचा पहिला हंगाम झळाळता गेला, मग गुडघा गेला. त्याच ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टननेच चौथ्या फेरीत, १०२ व्या क्रमांकावर घेतलेला कर्क कझिन्स २०१५ पासून त्याच्या जागी खेळू लागला.

७ डिसेंबर २०१४ रोजी रॅम्स वॉशिंग्टनच्या मैदानावर खेळायला आले. ग्रिफिन तोवर राखीव खेळाडूंत जाऊन बसला होता. रॅम्सचे प्रशिक्षक जेफ फिशर यांनी नाणेफेकीला सहा कर्णधार पाठवले, सगळे त्या सौद्यातून मिळालेले खेळाडू. सामना रॅम्सने २४-० असा जिंकला आणि देशभर हसं झालं. त्या सहांतला सर्वांत महागडा होता ग्रेग रॉबिन्सन, सहा फूट पाच इंचांचा, दीडशे किलोंचा, वॉशिंग्टनच्या निवडीवर त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला. तीन हंगामांनी रॅम्सने त्याला सहाव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात देऊन टाकलं. त्याच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये रॅम्सची स्वतःची पाळी तेरावी होती. तिथे त्यांनी आरन डोनाल्डला घेतलं, ज्याची उंची त्याच्या जागेसाठी कमी पडते असं बहुतेक अहवालांत लिहिलेलं होतं. तो पुढे तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. सौद्यातून आलेला नसल्यामुळे त्या दिवशी नाणेफेकीला गेलेल्या सहांत तो नव्हता.