धबधबा आणि पाणलोट

वसुबारसेच्या सकाळी आम्ही जालन्यातच एका स्नेह्यांकडे गेलो होतो. त्यांची मुलगी आमची जुनी विद्यार्थिनी. पुण्याच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. बाईसाहेब ओसरीवर, कोनाड्यात लॅपटॉप ठेवून, शाळेतल्या प्रार्थनेला उभे राहावे तशा ताठ उभ्या होत्या. समोरच्या पडद्यावर आठदहा चेहरे, तेही उभेच!

सारणाचे हात पदराला पुसत आई बाहेर आली. "कामून गं उभी राहून बोलती? घरात बसायला जागा नाही का?"

"आई, ही मीटिंग उभ्यानंच करायची असते. बसलं की माणसं लांबण लावतात."

हे मात्र आम्हांला तत्काळ पटले. प्राध्यापकांच्या सभा उभ्याने भरत्या, तर मराठी भाषेचे पुष्कळ शब्द वाचले असते! पण पंधरा मिनिटांनी ती आत आली, ती थकलेल्या चेहऱ्याने. "सर, उभं राहून काय उपयोग? खरं कुणी बोलतच नाही."

तिचे म्हणणे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

पूर्वी सॉफ्टवेअर बांधत ते घरासारखे. आधी सगळ्या गरजा लिहून घ्यायच्या, मग आराखडा, मग प्रत्यक्ष काम, शेवटी तपासणी. विन्स्टन रॉईस या अमेरिकन अभियंत्याने 1970 साली एका निबंधात ही पायऱ्यांची उतरंड मांडली, आणि ती जशीच्या तशी वापरणे जोखमीचे आहे, असेही त्याच निबंधात सांगितले. लोकांनी उतरंड घेतली, इशारा तेवढा सोडून दिला! पुढे या पद्धतीला 'धबधबा' असे नाव पडले. नाव समर्पक आहे. कड्यावरून पडलेले पाणी पुन्हा वर चढत नाही. ज्याच्यासाठी घर बांधायचे, त्याने ते प्रथम पाहायचे ते वास्तुशांतीच्या दिवशी; आणि त्या दिवशी तो म्हणणार, "अहो, स्वयंपाकघर मला या बाजूला नको होते."

या दुखण्यावर उतारा म्हणून फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ ठिकाणी सतरा जाणकार जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा काढला. त्या विचाराला 'अ‍ॅजाइल', म्हणजे चपळ, असे नाव मिळाले. काम लहान लहान तुकड्यांत करावे. बहुधा दोनेक आठवड्यांत एक तुकडा पुरा करून, ज्याला तो वापरायचा त्याला दाखवावा. तो काय म्हणतो ते ऐकून पुढचे पाऊल टाकावे. रोजची ती उभ्याची बैठक याच पद्धतीतली.

याच्या जोडीला 'लीन' नावाचा दुसरा विचार आला, त्याचे मूळ एका मागात आहे. जपानातील साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. त्याच्या कारखान्याने 1924 साली जो स्वयंचलित माग काढला, त्यात सूत तुटले की माग आपोआप थांबे. वाईट कापड विणत बसण्यापेक्षा थांबलेले बरे, एवढेच त्यातले तत्त्व. त्याच घराण्याने पुढे टोयोटा मोटारींचा कारखाना काढला. तिथे कामगाराच्या हाताशी दोरी असे. दोष दिसला की साध्या कामगारानेही ती ओढायची. मुकादम धावत यायचा. दोष निघाला नाही तर सगळी रांग थांबायची. दोरी ओढणाऱ्याला कुणी रागवायचे नाही.

आता आमच्या विद्यार्थिनीचे दुखणे ऐका. मागच्या वर्षी तिला कामात एक चूक दिसली. तिने वरिष्ठांच्या कानावर घातली. उत्तर मिळाले, "या फेरीचा तक्ता हिरवा दिसला पाहिजे. पुढच्या फेरीत बघू." पुढची फेरी आली, तशीच गेली. तीन महिन्यांनी सगळे काम उसवावे लागले, आणि ते उसवायला रात्री जागून बसली तीच. "सर, उभं राहणं आहे, तक्ते आहेत, कार्डं आहेत. दोरी तेवढी नाही."

सातआठ माणसांत ही पद्धत सहज चालते. घोडे अडते ते हजारो माणसांच्या संस्थेत. तिथे एका गटाकडे एक भाग, दुसऱ्याकडे दुसरा. वापरणाऱ्याची एक साधी गरज दहा गटांच्या दारांतून जाते, आणि प्रत्येक गट म्हणतो, माझे काम झाले. क्रेग लार्मन आणि बास वोडे यांनी 2008 साली मोठ्या संस्थांविषयीच एक ग्रंथ लिहिला. गटाला एखादा भाग तोडून देऊ नका, वापरणाऱ्याची एक अख्खी गरज द्या, आणि त्यासाठी संस्थेची रचनाच बदला, हा त्यांचा आग्रह.

हे ऐकताना आम्हांला आठवले ते जालना तालुक्यातले कडवंची. अवर्षणाने गांजलेल्या या भागात शेतकरी आपापल्या शेताला बांध घालीतच होते. पण वरून लोंढा आला की तो खालचा बांध फोडून जाई. पाण्याला सातबारा वाचता येत नाही! 1996 च्या सुमारास खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने तेथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे काम सुरू झाले. फादर हर्मन बाखर या स्विस धर्मगुरूच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या या कार्यक्रमाची रीत अशी, की आधी गावाने श्रमदान करायचे, मग एका लहान तुकड्यावर काम करून दाखवायचे, आणि ते जमले तरच साऱ्या शिवाराला हात घालायचा. काम शेतागणिक नव्हे, तर अख्ख्या पाणलोटाचे. आणि तेही माथ्यापासून पायथ्याकडे. आधी डोंगरउतारावरचे समतल चर, मग खालचे बांध, मग नाला. पाणी अडले, मुरले. 2012 च्या भीषण दुष्काळात जिल्हा होरपळत असताना कडवंचीच्या द्राक्षबागा पाहायला लोक लांबून येत होते.

"म्हणजे सर, आमच्याकडे पायथ्याशी बांध घातलेत, आणि माथा तसाच उघडा आहे," ती म्हणाली.

तेच खरे. खालच्या माणसांना उभे करून ठेवले आणि वरच्यांनी 'तक्ता हिरवाच हवा' हा हट्ट सोडला नाही, तर लोंढा प्रत्येक वेळी खालचाच बांध फोडणार. आणि ही गोष्ट केवळ सॉफ्टवेअरवाल्यांची नाही. आपली बँक, रेल्वेचे तिकीट, इस्पितळातले तपासणीचे अहवाल यांच्यामागे कुठे तरी अशीच एखादी मुलगी उभी असते. तिला दिसलेली चूक तिला बोलता आली की नाही, यावर आपलेही पुष्कळ काही अवलंबून आहे.

निघताना तिने सांगितले, की दिवाळीनंतर तिच्याकडे स्वतःचा सात जणांचा गट येणार आहे. "वरचा माथा माझ्या हातात नाही, सर. पण त्या सातांचा माथा मीच ना?"

"मग काय करणार?"

"पहिल्या दिवशी सांगणार, चूक दिसली की थांबवा, वर जे ऐकायचं ते मी ऐकून घेईन."

आई दारात पणती ठेवीत होती. ती न वळताच म्हणाली, "ते बसून सांग बाई. उभ्या उभ्या सांगायच्या गोष्टी नव्हंत त्या."