बोटीचा ट्रेलर पाण्यात घालण्याआधी थांबा!

मालवण-तारकर्लीला बोट ट्रेलरवरून नेताय? मग व्हिडिओतली ही गोष्ट लक्षात ठेवा. रस्त्यावर धावून चाकाचा हब तापतो. तसाच खाऱ्या पाण्यात बुडवला, की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस खराब, बेअरिंगला गंज आणि ऐन सीझनमध्ये घाटात चाक जाम! बुकिंग तर बुडालंच, गिऱ्हाईकही तुटलं.

म्हणून किनाऱ्यावर हब गार होऊ द्या. एकच हब जास्त तापत असेल, तर दुखणं तिथेच आहे. ट्रेलर बाहेर काढल्यावर हब-ॲक्सल गोड्या पाण्याने धुवा.

पावसाळ्यात धंदा बंद असतो, तेव्हा चाक जॅकवर घेऊन फिरवा. खरखर आली तर बेअरिंग बदला. नाही आली तरी खोलून, साफ करून मरीन ग्रीस भरा. सील मात्र नवीनच टाका.

तुमचं शेवटचं ग्रीसिंग कधी झालं? आठवत नसेल, तर आजपासून तारीख वहीत लिहा.